झाकायचं भांडण कोणतं आणि उघडं करायचं कोणतं

(वर्षावासातील प्रवचनमालेत विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मंडळाने मला विषय दिला आहे, ‘आपसातील भांडणे आणि समेट’. विषय पुकारला तेव्हा मागे काही जण हसले. हसणारच. विहारात एका सतरंजीवर बसून त्रिसरण-पंचशील म्हणायचं आणि गल्लीत एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जायचं, अशी घरं आपल्यात आहेत. नावं घेत नाही, ज्याचं त्याला ठाऊक आहे. डहाणू-तलासरी हे आदिवासी बहुसंख्येचे तालुके. त्यात आपली घरं मूठभर. शंभर घरांच्या वस्तीत दोन घरं बोलेनाशी झाली तर चालून जातं. आपल्याकडे दोन घरं फुटली की लग्नाला निम्मी माणसं कमी होतात, आणि मयताला खांदा द्यायला कोण येईल याचा विचार करावा लागतो.

भांडण सुरू कशावरून होतं? बहुतेक वेळा पाण्यावरून, नाहीतर जिभेवरून. कौशांबीची गोष्ट आपण ऐकली असेल. तिथे दोन थोर भिक्खू होते, एक विनयाचे जाणकार, दुसरे धम्माचे उपदेशक. उपदेशकांनी शौचालयातल्या भांड्यात वापरून उरलेलं पाणी तसंच ठेवलं. विनयवाले म्हणाले, हा दोष आहे. उपदेशक म्हणाले, असेल तर मी कबूल करतो. त्यावर विनयवाले म्हणाले, मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही. खरं म्हणजे भांडण इथेच मिटलं होतं! पण विनयवाल्यांनी नंतर आपल्या शिष्यांना वेगळंच सांगितलं, की त्यांच्याकडून दोष घडला आणि त्यांना तो दिसतसुद्धा नाही. शिष्यांनी ते समोरच्या शिष्यांना ऐकवलं. झालं, संघाचे दोन तट पडले. खुद्द भगवंतांनी समजावलं तरी ऐकेनात. शेवटी भगवंत त्यांना सोडून एकटेच पारिलेय्यक वनात गेले.

बघा, आग पाण्याने लावली नाही. तोंडावर एक आणि पाठीमागे एक, या बोलण्याने लावली. सम्यक वाचेत खोटं बोलण्याच्या जोडीला चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबडही वर्ज्य सांगितली आहे. आपण खोटं टाळतो, पण चहाडीला ‘नुसतं कानावर घातलं’ असं गोड नाव देतो.

आणि हे भांडण मिटवलं कुणी? कौशांबीच्या उपासक-उपासिकांनी. तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांनी. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. यांच्यामुळे भगवंत आपल्याला सोडून गेले, म्हणून दोन्ही तटांना वंदन बंद, भिक्षा बंद. मग भिक्खू भानावर आले, श्रावस्तीला भगवंतांकडे गेले आणि समेट झाला. आपल्याकडे भांडण लागलं की शेजारी काय करतो? दोन्हीकडचा चहा पितो आणि इकडचं तिकडे पोचवतो. तो चहा सोडला तरी अर्धं काम होईल.

आता समेट करायचा कसा? बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. शाक्य आणि कोलिय हातघाईवर आले. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला आणि तोडगा मांडला, की आपण दोन माणसं निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा सोडवावा. संघाने तो बहुमताने फेटाळला, आणि त्यातूनच पुढे सिद्धार्थाला घर सोडावं लागलं, असं बाबासाहेब दाखवतात. या तोडग्याची खुबी लक्षात घ्या. सगळे पंच एका बाजूचे नाहीत. आपल्या बैठकीत ज्याच्या घरी माणसं जास्त, त्याचाच आवाज मोठा. दुसऱ्याने खाली मान घालून ‘बरं’ म्हणायचं, आणि आपण लिहितो ‘समेट झाला’. 15 ऑगस्ट 2007 पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली. कल्पना चांगली होती. पण समिती कितीही चांगली असो, दुबळ्या बाजूला तिथे स्वतःचा माणूस हवा.

विनयात तंटे शमवण्याचे सात मार्ग आहेत. त्यातले दोन आपल्या घरादारात रोज चालतील. पहिला सम्मुखाविनय. दोन्ही बाजू समोरासमोर असल्याशिवाय निर्णय नाही. फोनवर नाही, गटावर संदेश टाकून नाही, बायकोमार्फत निरोप धाडून नाही. दुसरा तिणवत्थारक, म्हणजे घाणीवर गवत पसरून झाकणं. दोन्ही बाजूंनी भांडणाच्या भरात इतकं बोलून ठेवलेलं असतं की एकेक शब्द उकरत बसलं तर नवं भांडण उभं राहील. तेव्हा प्रत्येक बाजूच्या एका जाणत्याने सगळ्यांच्या वतीने कबूल करायचं की आमच्याकडूनही वाईट बोललं गेलं, आणि पुन्हा उकरायचं नाही. सासू-सून, भाऊ-भाऊ, वर्गणीचा हिशेब, नळावरचा नंबर, या सगळ्याला हे औषध लागू आहे. मात्र वेळेवर हवं. आमच्या साचेखात्यात ताण्याचा धागा तुटला की साचा बंद करून तिथल्या तिथे गाठ मारतात. पाळी संपायची वाट बघितली तर कापडाला वारभर डाग जातो आणि तो घडीखात्यात निघतोच.

पण माझ्या माता-भगिनींनो, पुढची गोष्ट नीट ऐका, पुरुषांनी तर जास्तच. त्या तिणवत्थारकाच्या नियमातच अपवाद घातला आहे. मोठे, गंभीर दोष आणि भिक्खूंनी गृहस्थांशी केलेले दोष गवताखाली झाकता येत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं हा फरक ओळखत होती. आणि आपण? नवरा दारू पिऊन हात उचलतो, बाई माहेरी जाते, चार वडीलधारी जातात आणि म्हणतात, ‘पोरी, भांड्याला भांडं लागायचंच, घेना सांभाळून.’ हा समेट नव्हे. त्या बाईच्या तोंडावर टाकलेलं गवत आहे ते. सिगालोवाद सुत्तात पतीची कर्तव्ये सांगितली आहेत, त्यात पत्नीचा मान राखणं, तिचा अपमान न करणं आणि घरातला अधिकार तिच्या हाती देणं आहे. हिंदू कोड बिलासाठी ज्या बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं, त्यांची लेकरं आपण म्हणवतो. मग मारहाणीत मध्यस्थी कसली करता? 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायालयात जाता येतं. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी ती ज्या घरात नांदली तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. 181 हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, मुलींना पाठ करून द्या.

जमिनीचे, वाटणीचे, पैशाचे दावे कोर्टात पडून असतील तर लोकअदालतीत न्या. तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. अपील नाही म्हणूनच सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर विहारात आणा. आपली पोरं शिकली आहेत, वाचून दाखवतील.

एक शेवटचं सांगतो. येत्या रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर आम्ही काही जण इथेच बसणार आहोत. ज्यांच्यात तंटा आहे त्यांनी दोन्ही बाजूंनी या, आपापली दोन माणसं घेऊन या. एकट्याने येऊन दुसऱ्याचं गाऱ्हाणं सांगणाऱ्याचं ऐकलं जाणार नाही. फक्त जिला घरात मार बसतो तिने एकटीनेच यावं, आणि तिने रविवारची वाट बघू नये. उपासिका संघाच्या बायका रात्रीही दार उघडतील, तसं त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!