कुणाच्या हुकमावरून वाजवायचं?



आजच्या विषयाला आयोजकांनी 'लोकसंगीत आणि जात' असं नाव दिलंय. यातला 'लोक' हा शब्द मला अलीकडे खटकायला लागलाय. का, ते सांगायला तुम्हाला माळव्यात न्यावं लागेल. माळवा म्हणजे इंदूर, देवास, उज्जैनचा पट्टा. माझं पीएचडीचं फील्डवर्क तिथे चालू आहे. आपल्यातले बहुतेक जण माळव्याला ओळखतात ते महूमुळे. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले ते तिथल्या लष्करी छावणीत.

गेल्या उन्हाळ्यात, कबीर जयंतीच्या सुमारास, तिथल्या एका गावाबाहेरच्या मैदानात मी प्रह्लादसिंह टिपानिया यांना ऐकलं. कबीर जयंती ज्येष्ठ पौर्णिमेला येते, पावसाच्या तोंडावर. रात्री दहा वाजतासुद्धा जमिनीतून गरम वाफ येत होती. खाली ताडपत्र्या, बाजूला पाण्याचा टँकर, दोन हॅलोजन आणि त्यांच्याभोवती किड्यांचे थवे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आलेली. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. होत्या त्या चारसहा म्हाताऱ्यांना दिलेल्या. मी अडीचला उठले तेव्हाही गाणं चालूच होतं.

टिपानियाजी एका हाताने तंबुरा छेडतात, दुसऱ्या हातात करताल. साथीला ढोलक, मंजिरा, हार्मोनियम, व्हायोलिन. पण मला बांधून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. पद ऐन रंगात आलेलं असताना ते थांबतात आणि बोलायला लागतात. माळवी-हिंदीत, समोरच्या माणसाशी बोलावं तसं. एका ओळीचा अर्थ उलगडतात, तिला दुसरी साखी जोडतात, पुन्हा गातात. मग तीच ओळ आपल्याला निराळी ऐकू येते. वर्षानुवर्षं ते सरकारी शाळेत विज्ञानाचे शिक्षक होते, ते इथे दिसतं. माझ्या शेजारची बाई, शेतमजूर असावी, एका अर्थावर मान हलवून 'नाही' म्हणाली आणि पलीकडच्या बाईला तिचा अर्थ सांगू लागली. विद्यापीठातल्या सेमिनारमध्ये मी असं क्वचितच पाहिलंय.

टिपानियाजी बलाई समाजातले. उज्जैन जिल्ह्यातलं लुनियाखेडी हे त्यांचं गाव. बलाई परंपरेने विणकर, म्हणजे कबीराच्याच धंद्यातले. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ ला देवासच्या राखीव जागेवरून ते काँग्रेसतर्फे लोकसभेला उभे राहिले आणि पडले. (गाणाऱ्याने निवडणूक लढवावी का यावर तिथल्या चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात. मला विचाराल तर, का लढवू नये?)

'बलाई' हा शब्द तुम्ही याआधी वाचलाय. आठवा. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, सुरुवातीलाच. बाबासाहेब तिथे १९२८ सालची वर्तमानपत्रातली बातमी देतात. इंदूर जिल्ह्यातल्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलाईंना कलमं घालून दिली. जरीकाठी पागोटी घालायची नाहीत. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. हिंदूंच्या घरी मयत झाली तर निरोप घेऊन जायचं, मग नातेवाईक कितीही लांब राहत असोत. बाळंतपणं करायची. मोबदला मागायचा नाही, मिळेल ते घ्यायचं. आणि या यादीत एक कलम असं: हिंदूंच्या लग्नात, वरातीपुढे आणि लग्न चालू असताना, बलाईंनी वाजवायचं.

बलाईंनी नाही म्हटलं. मग विहिरी बंद, गुरं चारायची बंद, रस्ता बंद. त्यांनी इंदूर दरबारकडे अर्ज केले. हा दरबार होळकरांचा, म्हणजे मराठी सत्तेचा, हे इथे महाराष्ट्रात बसून आपण विसरू नये. वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो माणसं पिढ्यानपिढ्यांची घरं सोडून धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत गेली.

मैदानात बसून माझ्या डोक्यात हे कलम फिरत होतं. शंभर वर्षंही झालेली नाहीत. 'वाजवा' असा ज्यांना हुकूम होता त्यांच्यातला एक माणूस मंचावर बसून, काय गायचं, कुठे थांबायचं, कशाचा काय अर्थ लावायचा हे स्वतः ठरवत होता.

मी मातंग. माझे आजोबा हलगी वाजवायचे. लग्नात त्यांच्याशिवाय वरात हलायची नाही, आणि जेवायला मात्र ते मांडवाबाहेर, सगळ्यांच्या शेवटी. वडील दहावी झाले, एसटीत कंडक्टर लागले आणि हलगीला त्यांनी हात लावला नाही. आम्हा भावंडांना लावू दिला नाही. पोरं वाद्याला हात लावत नाहीत म्हणून आता काही मंडळी हळहळतात, 'कला लोप पावतेय' म्हणतात. वडिलांचा नकार हा काही कलेचा तिरस्कार नव्हता. बिचोलीच्या बलाईंनी जे नाकारलं तेच त्यांनी नाकारलं. आणि त्याच नकाराच्या बळावर आपल्याकडे जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी गाणं सोडलं नाही, हुकूम सोडला.

आता 'लोक' या शब्दाकडे येते. मराठी मध्यमवर्गाला निर्गुणी कबीर माहीत आहे तो कुमार गंधर्वांमुळे. क्षयाने आजारी पडून ते १९४८ मध्ये देवासला राहायला गेले, माळव्याची गाणी कानावर पडत राहिली, पुढे त्यांनी निर्गुणी भजनं गायली. त्यांच्या गाण्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही ऐकते. तक्रार हिशेबाची आहे. तेच भजन कुमारजींनी गायलं की ती प्रतिभा, आणि गावातल्या बलाईने गायलं की तो कच्चा माल. तसं पाहिलं तर मराठी घरात कबीर फार आधी पोचला होता. सुभेदार रामजी कबीरपंथी होते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि फुल्यांबरोबर कबीराला गुरू मानलं, त्याची सुरुवात त्या घरातल्या भजनांपासून होते.

माळव्यात सगळं छान चाललंय असं समजू नका. कबीरपंथातही महंत आहेत, गादी आहे, चौका आरतीसारखे विधी आहेत. ज्या कर्मकांडावर कबीर तुटून पडतो ते त्याच्याच नावाने चालतं. १९९१ ते १९९८ या काळात देवासला एकलव्य संस्थेच्या पुढाकाराने कबीर भजन एवं विचार मंच चालला. गावोगावच्या मंडळ्या जमायच्या, गायच्या आणि वाद घालायच्या: कबीर आत्म्याचा की समाजाचा? तो वाद अजून मिटलेला नाही. शहरातल्या महोत्सवांत मात्र तो मिटवून टाकतात. तिथे जातीवरची पदं गळतात आणि शांत वाटायला लावणारी उरतात. आणखी एक. त्या रात्री मंचावर एकही बाई नव्हती. माळव्यात बाया कबीर गातात, मी ऐकल्यात. त्या रात्री त्या ताडपत्रीवर होत्या.

आता माझ्या प्रबंधाचा पेच. पदांच्या मधे टिपानियाजी जे बोलले त्याच्या मी नोंदी केल्या आहेत. माझ्या मार्गदर्शकांच्या मते ही 'फील्डमधली सामग्री', तिची जागा परिशिष्टात. कबीरावर विद्यापीठात बसून लिहिणाऱ्यांची जागा मात्र संदर्भसूचीत. मी विचारलं, दोघंही कबीराचा अर्थच लावताहेत, मग एक विद्वान आणि दुसरा सामग्री कसा? उत्तर मिळालं की पद्धत अशी आहे.

पाचव्या प्रकरणात मी त्यांना भाष्यकार म्हणूनच उद्धृत केलंय, आणि संदर्भसूचीत 'ट' अक्षराखाली टाकलंय. शेजारच्या त्या बाईचा अर्थही घेतलाय. तिचं नाव विचारलं होतं, छापू का म्हटल्यावर ती हसली आणि 'मंडलीचं लिही' म्हणाली. सूचीत 'म' खाली तेही आहे. प्रकरण मार्गदर्शकांकडे गेलंय, अजून परत आलेलं नाही.