गाठ काढली, पण टिकिट क्लोज झालं नाही

जेवता जेवता ऐकत असाल तर हा एपिसोड जरा नंतर ऐका. कारण आजचा विषय आहे कुत्र्याची शी.

आमचा भुऱ्या देशी. बाबांनी पार्किंगमधून उचलून आणलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शीवर लाल रक्ताची रेघ दिसायला लागली. मधेच शेंबडासारखा चिकट पदार्थ. बराच वेळ कुंथत बसायचा. पण भूक मस्त, उड्या मस्त. मी पडले इंजिनिअर, गूगल करून निदान केलं: जंत! औषध दिलं, खाणं बदललं आणि दोन महिने वाया घालवले.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ग्लोव्ह घातला, गुदद्वारातून बोट घालून तपासलं आणि लगेच म्हणाल्या, "इथे गाठ लागतेय." पॉलिप. म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेला मांसल कोंब. कुत्र्यांच्या मोठ्या आतड्यातले पॉलिप बहुतेक वेळा शेवटच्या भागातच असतात, म्हणून बोटाला लागतात. वर आणखी आहेत का, ते दुर्बिणीने पाहिलं. नव्हते. मग भूल देऊन खालूनच गाठ काढली, पोट उघडावं लागलं नाही.

आता खरा प्रश्न. गाठ पॅथॉलॉजीला पाठवायची का? त्याचे पैसे वेगळे. मी म्हटलं, "काढली ना, आता तपासून काय करायचं?" माझ्या मधे कधी न बोलणारे बाबा म्हणाले, "पाठवा."

रिपोर्ट आला: कार्सिनोमा इन सिटू. म्हणजे पेशी कॅन्सरच्या, पण अजून अस्तराच्या खाली न घुसलेल्या. कापलेल्या कडा साफ होत्या. मी तिथेच खुर्चीत बसले.

मग वाचायला लागले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे पॉलिप असलेले ३४ कुत्रे होते. ४१ टक्क्यांमध्ये त्रास परत आला, १८ टक्क्यांमध्ये गाठ पुढे कॅन्सरकडे वळली. जिथे गाठी अनेक किंवा पसरलेल्या होत्या, तिथे त्रास जास्त वेळा परतला. ३४ म्हणजे डेटा छोटाच, पण दिशा कळते: एकच गाठ, पूर्ण निघालेली, तर आशा चांगली. तरी लक्ष ठेवायचंच.

ऑपरेशननंतर थोडे दिवस रक्ताचे थेंब आणि कुंथणं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. शी मऊ राहायचं औषध चालू होतं. मग सगळं साफ! मी मनात टिकिट क्लोज केलं. बाबांनी नाही केलं. ते दर तीन महिन्यांनी त्याला तपासायला न्यायचे. दुसऱ्या खेपेला जुन्याच जागी मुगाएवढी गाठ लागली. रक्त नाही, कुंथणं नाही, काहीच लक्षण नाही! ती काढली. रिपोर्ट आला: साधा ॲडिनोमा. म्हणजे अजून कॅन्सर नाही.

आज भुऱ्या अकरा वर्षांचा आहे. आत्ता माईकच्या वायरवर झोपलाय.

तर मंडळी, तीनच गोष्टी. शीत रक्त दिसलं की घरी निदान करू नका. काढलेली गाठ तपासायला पाठवाच. आणि कुत्रा बरा दिसला तरी पुढची तारीख चुकवू नका. फोनमध्ये रिमाइंडर लावा. किंवा माझ्यासारखं करा, बाबांना सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!