वाहाका शहरांतील एक महिना

मेक्सिको देशाच्या दक्षिण भागांत, डोंगरांनीं वेढलेल्या एका खोऱ्यांत, सुमारें ५,००० फूट उंचीवर वाहाका हें शहर वसलेलें आहे. त्याचें नांव तेथील जुन्या नाहुआत्ल भाषेंतून आलें असून त्याच्या मुळाशीं एका झाडाचें नांव आहे. तें झाड श्रोत्यांना परकें नाहीं. महाराष्ट्रांत शेताच्या बांधावर जी सुबाभूळ दिसते, तीच ही. तिच्या शेंगा वाहाकाच्या बाजारांत बायका जुड्या बांधून विकतात आणि लोक आवडीनें खातात.

स्पेनच्या राजानें १५३२ सालीं या वसाहतीस नगराचा दर्जा दिला. त्याच्याही सुमारें दोन हजार वर्षें आधीं झापोतेक लोकांनीं जवळच्या डोंगरमाथ्यावर मोंते आल्बान ही आपली राजधानी वसविण्यास प्रारंभ केला होता. जुनें शहर आणि ते अवशेष यांची १९८७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत एकत्र नोंद झाली. भूकंपाच्या भयानें इमारती ठेंगण्या, भिंती जाड, आणि दगड हिरवट झांक असलेला. एवढी ओळख पुरे. पाहावयाचा आहे तो येथील नाताळ.

पुष्कळ प्रवासी या शहराला नाताळांत तीन-चार दिवस देतात. डिसेंबरच्या आरंभीं खोली घेऊन ६ जानेवारीपर्यंत राहणाऱ्या पाहुण्याची गोष्ट निराळी. त्याचा सण १२ डिसेंबरला, ग्वादालूपे मातेच्या उत्सवापासून सुरू होतो. त्या दिवशीं आया आपल्या लहानग्यांना घेऊन तिच्या देवळांत जातात. मुलांच्या ओठांवर काळ्या रंगानें मिशा काढलेल्या, अंगांत पांढरे कपडे. १५३१ सालीं ज्या हुआन दिएगो नांवाच्या आदिवासी भक्ताला मातेनें दर्शन दिलें असें मानतात, त्याचें हें सोंग! निम्म्या मिशा रडून पुसलेल्या असतात. गोकुळाष्टमीस घरोघर नटलेले बाळकृष्ण ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना त्या आयांची तारांबळ समजावून सांगावयास नको.

१८ तारखेस नगराची अधिष्ठात्री सोलेदाद माता हिचा उत्सव. दंतकथा अशी कीं, एका खेचरवाल्याच्या तांड्यांत कोणाचें तरी एक जास्तीचें खेचर शिरलें आणि नगरांत येतांच ओझ्यासह कोसळलें. त्याच्या पाठीवरच्या पेटींत देवीची मूर्ति निघाली. म्हणून तेथेंच देऊळ झालें. देवळाशेजारच्या चौकांत बर्फाची मिठाई विकणाऱ्यांचीं दुकानें आहेत. त्यांत मुद्दाम करपविलेल्या दुधाचा एक प्रकार असतो. दूध लागलें म्हणून घरीं जें ओतून देतात, त्याच वासासाठीं येथें पैसे मोजतात!

परंतु ज्यासाठीं हें शहर जगभर ओळखलें जातें, ती रात्र २३ डिसेंबरची, मुळ्यांची रात्र. मुळा हें पीक या भूमींत स्पॅनिश लोकांनीं आणलें. नाताळच्या आदल्या बाजारांत गिऱ्हाइकाची नजर वेधावी म्हणून भाजीवाले माळी मुळे कोरून मांडूं लागले, आणि १८९७ सालीं नगरपालिकेनें त्याची रीतसर स्पर्धा सुरू केली. स्पर्धेचे मुळे खावयाचे नव्हेत. ते मुद्दाम लावतात आणि खाण्याजोगे झाल्यावरही जमिनींतच राहूं देतात. मग ते हातभर वाढतात, वेडेवांकडे होतात, त्यांना फांटे फुटतात. कलावंत त्या वांकडेपणांतच नर्तकीची कंबर किंवा बैलाचें शिंग हेरून ठेवतो. तांबडी साल राखली कीं वस्त्र होतें, सोलली कीं आंतील पांढऱ्या गराचा चेहरा निघतो.

संध्याकाळपर्यंत मुख्य चौकांत येशुजन्माचे देखावे, लग्नाच्या वराती, बाजारहाट, सारें मुळ्यांचें उभें राहतें. शेजारीं मक्याच्या वाळल्या पाल्याच्या आणि सुकलेल्या फुलांच्या बाहुल्यांचीही स्पर्धा असते. (मक्याचें नांव निघालें म्हणून सांगावयाचें: वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोंत कृषिशास्त्राचे अध्यापक झाले, आणि त्यांचें संशोधन याच पिकावर होतें.) पाहणाऱ्यांची रांग लांबच लांब असते. तिकडे कलावंताच्या घरचीं माणसें हातांत पाण्याचा फवारा घेऊन बसलेलीं असतात, कारण कापलेला मुळा हवेंत फार वेळ टिकत नाहीं. कडा तपकिरी पडतात, चेहरे सुरकुततात. गणपतीचें विसर्जन माणसें करतात. येथें तें काम हवाच उरकते. दुसऱ्या दिवशीं, २४ तारखेच्या रात्रीं, त्याच चौकांत निरनिराळ्या देवळांच्या मिरवणुका वाजतगाजत येतात, आणि पाकांतली कुरकुरीत पुरी खाऊन झाल्यावर लोक मातीचा वाडगा मनांत इच्छा धरून फोडतात.

या सर्वांहून मनांत राहणारी गोष्ट मात्र गल्लीबोळांतून घडते. १६ तारखेपासून नऊ रात्री ‘पोसादा’ चालतात. पोसादा म्हणजे धर्मशाळा, बिऱ्हाड. मारिया आणि जोसेफ यांनीं बेथलेहेमांत आसरा मागितला, त्याचें हें नाट्य. अर्धे लोक दाराबाहेर उभे राहून गाण्यांतून जागा मागतात. अर्धे आंतून गाण्यांतूनच नकार देतात. अखेर दार उघडतें, आणि पेरू, ऊंस घालून उकळलेलें गरम पेय सर्वांना मिळतें. अनोळखी पाहुण्यालाही हातांत पेला देऊन आंत ओढून घेतात.

येथें पाहुण्यानें थोडें थांबावें. झापोतेक गांवांत ‘गेलागेत्सा’ नांवाचा व्यवहार आहे. एका घरच्या कार्याला दुसऱ्यानें टर्की पक्षी, मका, कोको नेऊन द्यावा. त्याची वहींत नोंद व्हावी. आणि त्याच्या घरचें कार्य निघेल तेव्हां तें तितकेंच परत जावें. आहेराची वही जपणाऱ्या मराठी घरांना यांत नवल नाहीं. मग महिनाभर राहणाऱ्या पाहुण्याची नोंद कोणत्या पानावर? तो भाडें भरतो, हें खरें. पण त्याच्यासारख्यांचें भाडें मिळतें म्हणूनच जुन्या शहरांतील घरमालक कायमच्या भाडेकऱ्याऐवजीं प्रवाशांना खोल्या देऊं लागले आहेत. जानेवारी २०२४ मध्यें वाढत्या भाड्यांविरुद्ध वाहाकाच्या रस्त्यांवर मोर्चा निघाला. ज्या गल्लींत नऊ रात्री बिऱ्हाड मागण्याचें गाणें होतें, तेथल्याच माणसांवर तें खरोखर मागण्याची पाळी यावी! पाहुणा सज्जन असतो, सणाचें मनापासून कौतुक करतो. तरीहि त्याच्या खोलींत पूर्वीं कोण राहत होतें, हा प्रश्न त्यानें एकदां तरी घरवालीला विचारावयास हरकत नाहीं.

६ जानेवारीस तीन राजांचा सण येतो आणि मुक्काम संपतो. त्या दिवशीं घरोघर कड्याच्या आकाराचा गोड पाव कापतात. त्यांत बाळयेशूची बोटाएवढी बाहुली दडविलेली असते. कापणाऱ्यानें आपला तुकडा आपणच कापावयाचा. ज्याच्या तुकड्यांत बाहुली निघेल, त्याने २ फेब्रुवारीस सर्वांना तामाले, म्हणजे पाल्यांत गुंडाळून वाफवलेलें मक्याचें पीठ, खाऊं घालावयाचे. घरवाली पाव पुढें करते आणि सुरी पाहुण्याच्या हातांत देते. त्याचें विमान दुसऱ्या दिवशींचें असतें. तिला तें ठाऊक असतें, तरी ती सुरी देते. पाव कापतांना सुरी कशाला तरी अडते, आणि टेबलाभोवतीं एकच हंशा उसळतो.