हसऱ्या चेहऱ्यामागील श्रम

(सौंदर्यसेवा प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपण ज्या व्यवसायात पाऊल ठेवीत आहात, त्याने देशातील असंख्य महिलांना अल्प भांडवलात हक्काची मिळकत दिली आहे. त्यातील कौशल्ये आपण आत्मसात केली आहेत. आज मी बोलणार आहे ते हे काम करणाऱ्या स्त्रीच्या मनावर येणाऱ्या ताणाविषयी.

थ्रेडिंग करताना दोऱ्याचे टोक दातांत धरून मान वाकवावी लागते. लग्नसराईत सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहावे लागते आणि जेवणाची वेळ टळते. हा ताण निदान डोळ्यांना दिसतो. परंतु ग्राहकाने अपमान केला तरी चेहऱ्यावरील हसू ढळू द्यायचे नाही, हा ताण दिसत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामाचे विवेचन करताना यास ‘भावनिक श्रम’ असे संबोधले. मनातील भावना दडपून दुसरी दाखविणे हेही कामच असते. त्यातही शक्ती खर्ची पडते.

मोबाईल अॅपवरून घरपोच सेवा देणाऱ्या भगिनींच्या बाबतीत त्यात ग्राहकाने दिलेल्या गुणांकनाची भर पडते. २०२१ मध्ये गुरुग्राम येथे अशा ब्युटिशियन महिलांनी कंपनी आकारीत असलेले कमिशन, दंड आणि गुणांकनाच्या अटी यांविरुद्ध निदर्शने केली. एकेकटीने सोसलेला ताण तेथे सामूहिक प्रश्न म्हणून पुढे आला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हा ताण म्हणजे आपला स्वभावदोष नव्हे. बहुतांशी तो कामाच्या रचनेतून निर्माण होतो. म्हणून उपायही त्या रचनेतच शोधावयास हवेत.

केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय बंधनकारक केली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेतील महिलेस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्यासाठी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मुदत आहे. लहान पार्लरमधील महिलांनी ही तरतूद अवश्य लक्षात ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची व्याख्या असून, त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यावे, अशी तरतूद आहे.

कायदा दाराशी येतो. त्याला आत घेण्याचे काम आपले आहे. उद्या आपल्यापैकी काहीजणी स्वतःचे पार्लर सुरू करतील. तेथे मदतनीस मुलीसाठी एक स्टूल ठेवा. दोन ग्राहकांच्या मध्ये दहा मिनिटांची उसंत आणि जेवणाची ठरलेली वेळ द्या. उद्धट ग्राहकासमोर तिची बाजू घ्या. या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

आणि कधी झोप उडाली, कामावर जाण्याची धास्ती वाटू लागली, तर ते मनात कोंडून ठेवू नका. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

इतरांचे चेहरे उजळविणाऱ्या हातांना विसावा मिळणे, ही चैन नव्हे. तो श्रमाचा हक्क आहे.