फसलेल्या अग्निबाणाची शिकवण

बालाघाटजवळच्या भरवेलीत मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत एखादा सुरुंग उडाला नाही, तर जाणता माणूस त्याच्याकडे धावत नाही. ठरलेला वेळ जाऊ देतो, मगच तपास करतो. छंद म्हणून छोटे अग्निबाण उडविणाऱ्या मुलांनी पहिला धडा खाणीकडूनच घ्यावा.

१९५७ साली स्पुटनिक आकाशात गेले आणि अमेरिकेतील मुले घरीच धातूच्या नळ्यांत दारू ठासू लागली. कित्येकांना इजा झाली. ऑर्व्हिल कार्लाईल यांनी १९५४ मध्येच कागदी नळीचा हलका अग्निबाण तयार केला होता. पुढे कारखान्यात भरलेली दारूची कांडी वापरण्याची पद्धत रूढ झाली. हा बाण दूर उभे राहून विजेच्या बॅटरीने पेटवितात. तो पेटला नाही, तर आधी बॅटरी तोडावी आणि निदान एक मिनिट जवळ जाऊ नये.

पेटूनही बाण कोलांट्या घेऊ लागला, तर दोष बहुधा तोलाचा असतो. बाणाचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याहून टोकाकडे असावा लागतो. त्यासाठी टोकाशी थोडे वजन घालावे किंवा शेपटीचे पंख मोठे करावेत. छत्री न उघडताच तो आदळला, तर तिची घडी फार घट्ट होती की ती तप्त वायूने चिकटली, हे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. नाहीतर गुण कशाने आला, हे कधीच उमगत नाही.

आपल्या देशातही या चिकाटीचे उदाहरण आहे. कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ यांनी ३० सप्टेंबर १९३४ रोजी जहाजावरून सागर बेटाकडे टपालाचा अग्निबाण सोडला. तो हवेतच फुटला आणि पत्रे विखुरली. स्मिथ थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांच्या बाणातून एक कोंबडा व एक कोंबडी दामोदर नदीपार सुखरूप पोहोचली.

मोठ्यांचीही वाट हीच. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण समुद्रात कोसळला. शास्त्रज्ञांनी दोष शोधला, आणि १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला.

बाण फसला तर तो पुन्हा करता येतो. गेलेला डोळा पुन्हा येत नाही. म्हणून मुलांच्या हाती आधी शिस्त द्यावी, मग काडी.