काचेवर उतरलेल्या टेकड्या

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात एका बाजूला रॉकी पर्वत, दुसऱ्या बाजूला सपाट गवताळ माळ आणि मधे टेकड्यांचा पट्टा. ऐन हिवाळ्यात तिथे ‘चिनुक’ नावाचं कोरडं, उबदार वारं सुटतं. बर्फ ओसरतं, खालचं गवत उघडं पडतं आणि थंडीतही गुरं चरू लागतात. सरकारनं १८८१ पासून ही कुरणं भाडेपट्ट्यानं दिली. भाडं एकरी वर्षाला एक सेंट, मुदत २१ वर्षं, आणि एकेकाला एक लाख एकरांपर्यंत! कोक्रेन, बार यू असे गुरं पाळण्याचे अवाढव्य रँच उभे राहिले.

जमीन वाटली खरी, पण तिचा चढउतार कागदावर कुठेच नव्हता. सपाटीवर मोजणीवाले सहा-सहा मैलांचे चौकोन आखत गेले. टेकडी किती उंच, ओढा कुठे वळतो, पाणी अडवायचं कुठे, हे त्या चौकोनांतून कसं कळणार? १८९४ साली सिंचनाचा कायदा आला, तेव्हा हेच प्रश्न निकडीचे झाले.

उत्तर एदुआर देविल यांच्याकडे होतं. फ्रेंच नौदलात सागरी मोजणी केलेला हा माणूस १८८५ मध्ये कॅनडाच्या मोजणी खात्याचा प्रमुख झाला. डोंगरात कामाचा हंगाम जेमतेम उन्हाळ्यापुरता. मग तिथे फक्त छायाचित्रं घ्यावीत आणि नकाशा हिवाळ्यात कचेरीत काढावा, हा त्यांचा हिशेब. मोजणीदार कोन मोजणारा थिओडोलाइट, कॅमेरा आणि चित्र उमटवायच्या काचेच्या जड प्लेटा घेऊन शिखर गाठी, कॅमेरा काटेकोर समतल करी आणि चहूबाजूंची चित्रं घेई. एकच खडक दोन शिखरांवरून टिपला की दोन रेषा जिथे छेदतील तिथे त्याची जागा. क्षितिजरेषेच्या किती वर-खाली दिसतो, त्यावरून उंची.

मोजणीदार आर्थर व्हीलर यांनी १८९५ नंतर कॅलगरीच्या नैर्ऋत्येकडच्या टेकड्यांत याच रीतीनं मोजणी केली. सगळी धडपड पाण्यासाठी.

गंमत म्हणजे आज नकाशापेक्षा त्या काचांनाच मोल आलंय. मोजणीच्या अशा हजारो प्लेटा जपलेल्या आहेत. व्हिक्टोरिया विद्यापीठातली मंडळी जुनं चित्र हातात घेऊन नेमक्या त्याच जागी चढतात आणि नवं चित्र घेतात. तेव्हाची मोकळी कुरणं अनेक ठिकाणी सूचिपर्णी झाडांनी भरून गेली आहेत. कारण वणवे विझवले जाऊ लागले, गवत मुद्दाम जाळण्याची मूळ रहिवाशांची रीतही बंद पाडली गेली. काही जागी तर जुन्या चित्रातलं दृश्य आता दिसतच नाही. कॅमेऱ्यासमोर झाडं उभी आहेत.