रसिकांचा मेळा आणि बिनपगारी विद्यार्थी

आपल्याकडे देवाच्या नावानं जत्रा भरते. दर्शन लवकर उरकतं आणि पुढचा सारा दिवस माणसं एकमेकांना भेटण्यात घालवतात. अमेरिकेत अशी जत्रा गोष्टीच्या नावानं भरते. एखाद्या कादंबरीवर, चित्रपटावर किंवा चित्रकथेवर जीव जडलेले लोक पदरचे पैसे खर्चून लांबून येतात आणि तीन-चार दिवस तिच्याबद्दलच बोलत बसतात. या मेळ्याला तिकडे 'कन्व्हेन्शन' म्हणतात.

विज्ञानकथांच्या रसिकांचा पहिला जागतिक मेळा १९३९ साली न्यूयॉर्कला भरला. माणसं जेमतेम दोनशे. त्यांत फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले पोशाख घालून आले होते. ते शिवले होते मर्टलबाईंनी. बाकीचे साध्या कपड्यांत! पुढे १९७० साली सॅन डिएगो शहरात चित्रकथांचा तीन दिवसांचा मेळा झाला, तेव्हा तीनेकशे लोक जमले. अलीकडे तिथं लाखाच्या वर माणूस लोटतो.

एवढा पसारा चालतो तो मोठ्या अंशी स्वयंसेवकांच्या बळावर. विज्ञानकथांच्या जागतिक मेळ्यात तर अध्यक्षसुद्धा वर्गणी भरून सभासद होतो. या स्वयंसेवकांत कॉलेजातली मुलं असतात, आणि त्यांतली काही चित्रीकरणाच्या पथकात शिरतात.

आता हा विद्यार्थी मनात काय मांडे खात येतो, ते तुम्ही ओळखलंच असेल. आवडता नट जवळून दिसेल, कॅमेरा हाती येईल! प्रत्यक्षात पहिल्या दिवशी त्याच्या हाती येते चिकटपट्टी. कुणाचा पाय अडकू नये म्हणून जमिनीवरच्या वायरी चिकटवायच्या. बॅटऱ्या भरून ठेवायच्या. कोणतं दृश्य किती वाजता घेतलं, बोलणाऱ्याचं नाव काय, हे वहीत टिपायचं.

मग कळतं, की खरी मेहनत आवाजाची आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं मोबाइलवर घेतलेलं चित्रण आठवून पाहा. नाटक दिसतं छान. पण ऐकू येतो तो पुढच्या रांगेतल्या पोरांचा गलका. कारण कॅमेऱ्याचा माइक बोलणाऱ्यापासून लांब असतो. म्हणून वक्त्याच्या कॉलरला छोटा माइक लावतात, नाहीतर सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून थेट वायर घेतात, आणि एकानं कानाला हेडफोन लावून सारा वेळ ऐकत बसायचं असतं. मुलाखत संपली तरी उठायचं नाही. अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प राहायचं आणि रिकाम्या खोलीची ती बारीक घरघर टिपून घ्यायची. जाणकार तिला 'रूम टोन' म्हणतात. पुढं कापाकापी करताना बोलण्याच्या दोन तुकड्यांमध्ये ती घातली, की सांधा कानाला जाणवत नाही. ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही, शेजारी कुणी बसवून ऐकवली की पटते.

माणसांशी कसं वागायचं, तेही इथंच शिकायचं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मेळ्यात फलक लावले होते, की वेष केला म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. तेव्हा आधी विचारायचं, मग कॅमेरा रोखायचा.

पण ही सेवा कुठं संपते आणि वेठ कुठं सुरू होते? अमेरिकेत १९३८ च्या कामगार कायद्याप्रमाणे नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याला कामगाराला 'स्वयंसेवक' म्हणून फुकट राबवता येत नाही. धर्मादाय संस्थेची गोष्ट वेगळी. आता शिकाऊ मुलाला यात कुठं बसवायचं? 'ब्लॅक स्वान' या चित्रपटावर बिनपगारी राबलेले दोन शिकाऊ २०११ साली कोर्टात गेले. ते कॉफी आणणं, कागद लावणं असलीच कामं करीत होते. २०१३ साली न्यायाधीशांनी त्यांना नोकर ठरवलं. २०१५ साली वरच्या कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि सांगितलं, की या व्यवहारात जास्त लाभ कुणाचा झाला ते आधी तपासा. २०१६ साली तडजोड होऊन प्रकरण मिटलं. माझ्या मते मधली कसोटी अगदीच टाकाऊ नाही. मात्र ती लावायची तर काम सुरू होण्यापूर्वी. नंतर लावून गेलेले दिवस परत येत नाहीत.

गुरुजनहो, असे मेळे आता मुंबईतही भरतात. उद्या तुमची एखादी जुनी विद्यार्थिनी आनंदानं सांगत येईल, की मला चित्रीकरणाला बोलावलंय. तिला नाउमेद करू नका, पण चार गोष्टी विचारून घ्यायला सांगा. पथक मेळ्याचं स्वतःचं, की चित्रण विकणाऱ्या कंपनीचं? शिकवणारं कुणी शेजारी असेल का? जेवण आणि परतीचं भाडं कोण देणार? शेवटच्या नामावळीत तिचं नाव येईल का? आणि तिनं घेतलेल्या चित्रणाची एक प्रत तिला मिळेल का, हेही. पुढचं काम मागायला गेल्यावर दाखवायला तेवढीच तिच्या हाती असते.